शिरूरचं घर, सगरोळीची रेती

लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळात कुणी घर बांधायला काढलं की पाहुणेरावळे आधी खोल्या किती हे विचारत नाहीत. विचारतात, "लाल मिळाली का?" लाल म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीकडची लाल रेती. मिळाली असेल तर यजमानाच्या आवाजाला वजन येतं. नसेल मिळाली तर तो क्रशरच्या वाळूचे गुण सांगायला लागतो. ऐकणारे मान डोलावतात, पण पटलेलं कुणालाच नसतं.

माझ्या मामेभावाच्या बांधकामावर दोन ढीग पडले होते. एक काळपट, जवळच्या ओढ्यातला. दुसरा तांबूस, उन्हात खडीसाखरेगत चमकणारा. मिस्त्रींनी काळ्या ढिगातली मूठभर वाळू घेतली, पाण्याचा हबका मारून दाबली आणि पंजा उघडून माझ्यासमोर धरला. तळहातावर चिखलाचा थर बसला होता. "ही गिलाव्याला लावली तर वर्षात भिंतीला भेगा." मग त्यांनी काचेची बाटली अर्धी वाळूनं भरली, वर पाणी घातलं, चिमूटभर मीठ टाकलं, हलवली आणि कट्ट्यावर ठेवून दिली. चहा होईपर्यंत वाळू खाली बसली आणि तिच्यावर बोटभर गाळ जमला. लाल रेतीच्या बाटलीत हाच थर नखाएवढा होता. मिस्त्रींचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण सिमेंट काँक्रीटच्या पुस्तकात गाळाची चाचणी म्हणून जी दिलेली असते ती अशीच असते.

तालुक्यातून घरणी वाहते, मांजरा वाहते. नद्या दारात असताना वाळू शंभरेक किलोमीटरवरून आणावी लागते, याचं कारण पायाखालच्या दगडात आहे. लातूर जिल्हा जवळजवळ सगळा बसाल्टवर उभा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेलेला लाव्हा, म्हणजे आपला काळा पाषाण. हा झिजला की त्याची काळी कसदार माती होते, सोयाबीन-तूर पिकवणारी. पण चांगल्या वाळूत जी गारगोटी लागते, म्हणजे क्वार्ट्झ, ती या दगडात नसल्यातच जमा. त्यामुळे इथल्या नद्या गाळ आणतात, बारीक काळी वाळू आणतात, पण मिस्त्री ज्याला रेती म्हणतो ती फारशी आणत नाहीत. लाल रेतीसाठी दगड बदलावा लागतो, आणि तो बदलतो पूर्वेला, नांदेड जिल्ह्यात.

तरी हा प्रश्न जुना नाही. माझ्या आजोळचं घर दगडमातीचं होतं. दोन-दोन हात जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. उन्हाळ्यात आत गार. त्या घरात वाळूचा कण लागला असेल तर तो देवळीच्या चुन्यात. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला आणि याच भिंती, हीच माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. सरकारी हिशोबातच सुमारे 8,000 माणसं गेली. 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. त्यानंतर आमच्या भागात दगडमातीच्या घरावरचा माणसांचा भरवसा कायमचा उठला. ज्यांचं घर पडलं नव्हतं त्यांनीही माळवद उतरवलं आणि स्लॅब टाकला. इंजिनिअर मंडळी सांगत होती की दगडमातीचं घरही नीट बांधलं, भिंतीत आरपार दगड घातले, वरून पट्टा फिरवला तर टिकतं. ते ऐकायच्या मनःस्थितीत कोण होतं? आरसीसी म्हणजे जीव वाचणार, एवढं साधं गणित लोकांनी मांडलं, आणि त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण एक घनमीटर काँक्रीटला साधारण अर्ध्या घनमीटरहून थोडी कमी वाळू लागते. भूकंपानंतरच्या तीस वर्षांत लातूर-धाराशिवकडच्या गावांनी किती नदी भिंतींत घातली, याचा हिशोब कुणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

लाल रेती जिथून येते ते घाट पाहायला मी निघालो. जाताना आधी डोंगरगावचा बॅरेज पाहून घेतला. मांजरेवरच्या बॅरेजेसच्या माळेतला हा एक, शिरूर अनंतपाळ तालुक्यातला. 2016च्या दुष्काळात लातूर शहराची तहान भागवायला टँकरनं पाणी नेलं गेलं ते याही डोहातून. तेही पुरेना, तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. 12 एप्रिल 2016ला पहिली गाडी लातुरात शिरली तेव्हा तिला 10 वाघिणी होत्या आणि त्यांत 5 लाख लिटर पाणी. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी 'जलयुक्त लातूर' म्हणून वर्गणी काढली आणि साई ते नागझरी या 18 किलोमीटरच्या टप्प्यात मांजरेचं पात्र यंत्रं लावून खोल केलं. नदी उकरणं हे तिथं पुण्याचं काम होतं. लोक पगार देत होते, डिझेलला पैसे देत होते. त्याच नदीत दूर खाली गेलं की पोकलेन दिसताच काठावरचं कुणी तरी अंगावर धावून येतं. आपल्या इथं निघाला तो बंधाऱ्यांमागं साठलेला गाळ. तिकडं निघते ती वाळू. गाळ निघाला की पाणी मुरायला वाव मिळतो असं मानलं जातं. वाळू गेली की मुरलेलं पाणी धरून ठेवणारी जागाच जाते. हा फरक ध्यानात न घेता 'नदी खोलीकरण' हा शब्द आता कुणीही कुठंही वापरतो, आणि त्याच्या आडून बरंच काही वाहून जातं.

साकोळ, वलांडी, देवणी असं करत उदगीर गाठलं.   उदगीर बालाघाटाच्या माथ्यावर आहे. तिथून मुक्रमाबादकडे रस्ता उतरतो आणि देगलूरच्या दिशेनं जसजसं जावं तसतसं शिवाराचं रूप पालटतं. काळ्या रानाचा रंग फिका होतो. बांधावरचे दगड काळे आणि सपाट असायचे, ते गोल आणि तांबूस-करडे दिसू लागतात. मग माळावर एकावर एक रचल्यासारखे गोटे येतात. हैदराबादच्या बाजूला गेलेल्याला हे दृश्य ओळखीचं असतं. हा ग्रॅनाइट. बसाल्टहून कैकपटीनं जुना, अब्जावधी वर्षांचा. देगलूरजवळ एका बांधावर गाडी थांबवून एक दगड फोडून पाहिला. आत गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखे गारगोटीचे कण, मधूनच अभ्रकाची चकाकी. हाताने चोळलं तर कडेचा भाग सुटून तळहातावर आला, आणि ती शिरूरच्या ढिगातली लाल रेतीच होती. नदीनं अजून धुतलेली नव्हती, एवढंच.

मांजरा मात्र या सरळ वाटेनं येत नाही. बीड जिल्ह्यात पाटोद्याकडच्या बालाघाटात उगम पावून ती लातूरमधून आग्नेयेला निघते, बिदर जिल्ह्यात शिरते, तिथून तेलंगणात जाते आणि मग एकदम उत्तरेकडे वळून नांदेडच्या हद्दीवर परत येते. या वळशात तिच्यावर सिंगूरचं धरण आहे आणि 1931 साली पुरं झालेलं निजामसागर. म्हणजे वरची वाळू-माती बहुतेक त्या दोन जलाशयांत अडते. सगरोळी, येसगी, बोळेगाव, गंजगाव, हुनगुंदा, माचनूर या बिलोली तालुक्यातल्या घाटांवर जी लाल रेती आहे, ती धरणांखालच्या ओढ्यानाल्यांनी आणलेली आणि बरीचशी धरणांपूर्वी कैक शतकं साठलेली. दरवर्षी नदी नवी वाळू आणतेच, असं लिलावाच्या वेळी बोललं जातं. आणते, पण किती? आमच्याकडं ठेव मोडून खाणं म्हणतात, तसा हा व्यवहार चालला आहे.

सगरोळी हे नाव मराठवाड्यात शिक्षणासाठी घेतलं जातं. संस्कृती संवर्धन मंडळ 1959 पासून तिथं शाळा-वसतिगृहं चालवतं. मी मात्र गाव टाकून नदीकडे गेलो. पात्र मार्चमध्येच ओसरलं होतं. लांबून सपाट वाटणारी वाळू जवळ गेल्यावर जागोजाग तुटलेली होती. पुरुषभर उंचीचे उभे कडे, त्यांच्या तळाशी हिरवट पाण्याची डबकी, आणि डबक्यांच्या मधून चाकांनी घट्ट झालेले रस्ते. एका कड्यावर मी बोटांनी थर मोजत गेलो. वर जाड रवाळ रेती, मग एक चिकट मातीचा पट्टा, मग पुन्हा रेती, त्यात शिंपल्यांचे तुकडे. प्रत्येक थर म्हणजे एखादा पूर. कड्याच्या तळाशी मात्र निळसर चिकणमाती लागली होती. तिथं रेती संपते. त्याच्या खाली पोकलेनलाही रस नसतो.

काठावरचे एक शेतकरी सोबत आले होते. वय साठीच्या पुढं. त्यांना सगळे काका म्हणत होते, म्हणून मीही काका म्हटलं. लहानपणी याच पात्रात भोई लोक टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावायचे, असं त्यांनी सांगितलं. होळीनंतर वाळूत हातभर झिरा खणला की प्यायचं पाणी लागायचं, बायका वाटीवाटीनं घागर भरायच्या. "आता खड्ड्यात पाणी दिसतंय की भरपूर," मी म्हटलं. हा ठेकेदारांचा नेहमीचा मुद्दा, म्हणून मुद्दाम. काका हसले. "दिसतंय ना. वैशाखात या, मग दाखवतो."

मुद्दा तसा नीट समजून घेण्याजोगा आहे. एक ब्रास वाळू म्हणजे 100 घनफूट. तेवढ्या वाळूच्या कणांमधल्या पोकळीत सातशे-आठशे लिटर पाणी मावतं. वाळू काढून खड्डा केला तर त्यात त्याच्या तिप्पट-चौपट पाणी मावेल, हे खरंच. पण उघड्या पाण्यावर मराठवाड्याचं ऊन पडतं. वाळूच्या पोटातलं पाणी दोनेक फुटांखाली गेलं की उन्हाला जवळपास सापडतच नाही. शिवाय पात्राचा तळ खाली गेला की काठावरच्या विहिरींचं पाणी त्या उताराला लागतं आणि खड्ड्याकडे निघून येतं. म्हणजे खड्ड्यात जे दिसतं त्यातलं पुष्कळसं काकांच्याच विहिरीतलं असतं.

हेच तत्त्व उलट्या बाजूनं वापरणारी माणसंही जगात आहेत. केनियात माचाकोस आणि कितुई हे भाग आपल्यासारखेच अवर्षणाचे. नद्या वर्षातून थोडे दिवस वाहणाऱ्या. तिथं गावकरी नदीत आडवी भिंत घालतात ती पाणी अडवायला नव्हे, वाळू अडवायला. दोन-चार पावसाळ्यांत भिंतीमागं वाळू भरते, वाळूत पाणी भरतं आणि ते पुढं महिनोन्‌महिने पुरतं. बाष्पीभवन नाममात्र, डास नाहीत, पाणी गाळून मिळतं. त्यांच्या शेजारच्या माकुएनी परगण्यात नैरोबीच्या बांधकामांसाठी वाळू उपसायला ट्रक येऊ लागले, मारामाऱ्या झाल्या, जीव गेले, आणि 2015 साली तिथल्या स्थानिक सरकारनं वाळू राखण्याचा स्वतंत्र कायदाच केला. आपल्याकडं वाळू हा महसुलाचा विषय आहे, गौण खनिज. पाण्याच्या खात्याला तिच्याशी देणंघेणं नाही. माझ्या मते निम्मा घोळ इथंच आहे.

काकांच्या विहिरीचं बांधकाम घडीव दगडांचं. वाकून पाहिलं तर आत एका बाजूला ऑइल पेंटच्या आडव्या रेघा होत्या, शेजारी साल लिहिलेलं. दर पाडव्याला पाणी जिथं असेल तिथं मुलगा दोरानं उतरून रेघ मारतो. रेघा एकसारख्या खाली गेलेल्या नव्हत्या. चांगल्या पावसाच्या सालात एखादी वर चढलेली. पण वरच्या पांढऱ्या आणि खालच्या निळ्या रेघांत दोन माणसं उभी राहतील एवढं अंतर पडलं होतं. त्या अंतराला नुसती वाळूच कारण असेल असं मी म्हणणार नाही. बोअर वाढले, ऊस आला, तोही पाणी ओढतो. काकाही तसं म्हणत नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच की लिलावाच्या आधी कुणी तरी येऊन ही रेघ वहीत उतरवून घ्यावी.

लिलावाआधी मोजमाप करणं नियमातच आहे, हे विशेष. सर्वोच्च न्यायालयानं 27 फेब्रुवारी 2012ला दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सांगितलं की पाच हेक्टरहून लहान पट्ट्यालाही पर्यावरण परवानगी लागेल. 2016 आणि 2020च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी जिल्हा सर्वेक्षण अहवाल आणि पात्रात दरवर्षी नवी वाळू किती भरते याचा अभ्यास सक्तीचा केला. पावसाळ्यात, 10 जून ते 30 सप्टेंबर, उपसा बंद. उपसा सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. दंड बाजारभावाच्या पाचपट. 2015 पासून वाळू तस्कराला एमपीडीए, म्हणजे धोकादायक कृत्यं रोखण्याच्या कायद्याखाली स्थानबद्धही करता येतं. कागदावर एवढा कडक बंदोबस्त सोन्याच्या खाणीलाही नसेल.

राज्याचं धोरण मात्र दर दोन-तीन वर्षांनी कूस बदलतं. 2019ला एक, 2022ला दुसरं. एप्रिल 2023ला लिलाव बंद करून सरकारी डेपोतून 600 रुपये ब्रासनं वाळू द्यायचं ठरलं, आणि 1 मेला श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावात पहिला डेपो उघडला. 600 रुपयांची वाळू घरापर्यंत येईस्तोवर वाहतुकीसह काय भावाला पडायची ते शिरूरच्या कुठल्याही घरमालकाला विचारा. एप्रिल 2025ला डेपो मोडीत निघाले, ई-लिलाव परत आले, घरकुलवाल्यांना पाच ब्रास फुकट द्यायचं ठरलं आणि सरकारी बांधकामांत क्रशरच्या कृत्रिम वाळूचा वापर वाढवायचं ठरलं. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यांत कामाची वाटते, तिच्याकडे पुढं वळतो.

गावातून घाटाकडे जाताना फाट्यावर दोन पोरं मोटारसायकलवर बसलेली दिसली. एकाच्या हातात दोन मोबाईल. काकांनी मान वळवली नाही, फक्त हळू आवाजात म्हणाले, "लोकेशनवाले." तहसीलदारांची, मंडळ अधिकाऱ्याची गाडी कुठं आहे हे घाटावर कळवायचं, हा यांचा धंदा. रात्रपाळी. बारावी झालेली पोरं. शेतात यांच्या वाट्याला एक-दोन एकर, त्याला पाणी नाही, आणि पाणी नाही त्याच्या कारणांत हा घाटही एक. ट्रॅक्टरवर, हायवावर, लोकेशनवर मिळून गावातल्या किती घरांची चूल या रेतीवर पेटते हे पाहिलं की ग्रामसभेत ठराव का होत नाही ते कळतं. आधी गाढवांवरून वाळू आणणारी कुटुंबं असत. त्यांनी जन्मभर नेली तेवढी आता एक पोकलेन आठवड्यात भरून देतं. पण पात्रात कारवाई झाली की आधी सापडतो तो ट्रॅक्टरवाला. मोठ्या गाडीला लोकेशन आधी मिळतं. विरोध करणाऱ्यांना मार खावा लागतो हेही नवं नाही. अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर 2004 साली वाळू उपशाचे पुरावे गोळा करायला गेलेल्या पर्यावरण कार्यकर्त्या सुमैरा अब्दुलाली यांच्यावर हल्ला झाला. त्या कोर्टात गेल्या, म्हणून हा विषय मुंबईच्या वर्तमानपत्रांत तरी आला.

आणि ही रेती जाते कुठं? लातूर-उदगीरला थोडी. नांदेड, हैदराबाद, बिदरकडे पुष्कळ. खर्च एका गावाचा, घर दुसऱ्या गावाचं, हीच या धंद्याची खरी ताकद. सिंगापूरनं समुद्र भरून आपली जमीन पावपटीच्या आसपास वाढवली आणि वाळू शेजाऱ्यांकडून आणली. मलेशियानं 1997ला, इंडोनेशियानं 2003ला, कंबोडियानं 2017ला निर्यात रोखायचे निर्णय घेतले ते आपले किनारे आणि बेटं खचताना पाहून. दुबई वाळवंटात आहे, तरी तिला बांधकामाची वाळू बाहेरून लागते. वाऱ्यानं घोळलेला वाळवंटाचा कण गोल आणि गुळगुळीत होतो, तो सिमेंटात पकड घेत नाही. धारेचा कण नदीत मिळतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं 2022 साली अंदाज दिला की जग वर्षाला 5,000 कोटी टन वाळू-खडी वापरतं. माणशी रोज सतरा-अठरा किलो. पाण्याखालोखाल माणूस दुसरं काही एवढं वापरत नाही, आणि एवढं कमी मोजत नाही.

या आकड्याशेजारी घरकुल ठेवून पाहा. पाच ब्रास म्हणजे वीस-बावीस टन. जगातल्या सरासरी माणसाचा साडेतीन वर्षांचा वाटा. आमच्याकडं त्यात पाच-सहा जणांचं कुटुंब जन्म काढतं. तेव्हा गरिबाच्या स्लॅबला बोल लावून नदी वाचणार नाही. चौपदरी रस्ते, उड्डाणपूल, शहरांतले मनोरे, यांनी आधी लाल रेतीचा हट्ट सोडायला हवा. क्रशरची वाळू बसाल्टची निघते, आणि बसाल्ट लातुरात हवा तेवढा आहे. भारतीय मानक 383च्या 2016च्या आवृत्तीनं तिला रीतसर मान्यता दिली आहे. नीट धुतलेली, योग्य जाडीची असली तर काँक्रीटला ती उत्तम चालते. गिलाव्याला मिस्त्री कुरकुरतात, कारण ती हाताला खरखरीत लागते आणि थापी अडते. नुसती डस्ट वाळू म्हणून विकणारेही आहेत, त्यामुळं तिचं नाव बद्दू झालं. आणि क्रशर म्हणजे डोंगर फोडणं, धूळ आणि सुरुंग. तिथंही कुणाचं तरी गाव आहेच. तरी डोंगर पाणी धरून गावाला पाजत नाही, वाळू पाजते. निवड करायचीच तर मी हा सौदा पत्करीन.

सगरोळीहून येसगीला गेलो. तिथं मांजरेवर निजामाच्या राजवटीतला दगडी पूल आहे. अलीकडं येसगी, पलीकडं तेलंगणातलं सालूरा, पुढं बोधन, निजामाबाद. बिलोलीकडून तिकडं जाणारी रहदारी या पुलानं पिढ्यान्‌पिढ्या पेलली. अवजड गाड्या आणि पात्रातला उपसा यांमुळं तो खिळखिळा होत असल्याच्या बातम्या नांदेडच्या आवृत्त्यांत वरचेवर येतात. पुलाखाली उतरलो. पाण्याबरोबर वाळू वाहत आली की नदीची ताकद ती ओढण्यात खर्च होते. वरच्या खड्ड्यांत वाळू अडली की खाली येणारं पाणी रिकाम्या हातानं येतं आणि वाटेत जे सापडेल ते उचलतं, काठ, तळ, खांबाभोवतीची भर. एका खांबाच्या बुडाशी पाण्याच्या जुन्या खुणेखाली दगडाचा फिकट पट्टा उघडा पडलेला दिसला. आधी तो वाळूत गाडलेला असणार.

पोर्तुगालमध्ये दोरू नदीवर असाच एक जुना पूल होता, एन्त्रे-उश-रियुशचा. 4 मार्च 2001च्या रात्री त्याचा खांब बसला आणि एक बस, तीन मोटारी नदीत गेल्या. 59 माणसं मेली. वर्षानुवर्षं चाललेल्या वाळू उपशानं खांबाचा पाया उघडा पडला होता, असं निघालं. तिथल्या मंत्र्यानं राजीनामा दिला. आपल्याकडं 2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल एसटीच्या दोन गाड्यांसह गेला. तिथं पुराचा जोर होता, पूल म्हातारा होता, आणि पात्रातल्या उपशाचंही नाव तेव्हा घेतलं गेलं. एकट्या वाळूवर ते खापर फोडणं बरोबर होणार नाही. पण येसगीच्या खांबाशी उभं राहिल्यावर ही दोन्ही नावं आठवली, हे लपवत नाही.

पूल चालत ओलांडून सालूऱ्यात गेलो. तिकडच्या काठावर हळद वाळत घातलेली. शेतकरी तेलुगू, मराठी, दखनी मिसळून बोलत होते. त्यांची तक्रार ऐकताना मला हसू आवरेना, कारण ती शब्दन्‌शब्द काकांचीच होती, फक्त बोट उलटं: महाराष्ट्राच्या बाजूनं उपसतात, म्हणून आमच्या विहिरी बसल्या. काका सांगत होते तेलंगणावाले नेतात. सरहद्द या पात्रातून जाते. अलीकडचा घाट नांदेडच्या जिल्हा सर्वेक्षण अहवालात, पलीकडचा निजामाबादच्या. वाळू भरते किती, निघते किती, हे दोघं आपापल्या निम्म्या पात्रापुरतं मांडतात. नदीला निम्मं पात्र नसतं. एका बाजूला पडलेला खड्डा दुसऱ्या बाजूचं पाणी ओढतोच.

त्यांच्यातल्या एकाला मी विहिरीतल्या पेंटच्या रेघांबद्दल सांगितलं. त्यानं तपशील विचारून घेतले, पाडव्यालाच का, कुठल्या दगडापासून मोजतात. त्यांचा उगादी त्याच दिवशी असतो. दोन्हीकडं त्याच दिवशी रेघ मारली तर जुळवून पाहता येईल, असं तोच म्हणाला, आणि काकांचा फोन नंबर मागितला. मी काकांना विचारून दिला.